ठकीचं गजकर्ण

ठकीच्या कानामागे रुपयाएवढा गोल डाग पडला आणि तेवढ्या जागचे केस गेले, तेव्हा निर्मलाबाईंनी पहिला दोष दिला तो खुशालरावांना. मांजरीला काहीही झालं की दोष शेजाऱ्याला द्यायचा, हा त्यांचा शिरस्ताच होता.

पवनीच्या त्या गल्लीत दोघांची घरं भिंतीला भिंत लावून. निर्मलाबाई निवृत्त मास्तरीण. नवरा नाही, मुलगा भिलाईला, तो दिवाळीला आला तर आला. खुशालराव एसटीतले निवृत्त कंडक्टर. बायको रुखमिणी वारलेली, लेकी दूर दिलेल्या. दोन रिकामी घरं अशी शेजारी, पण दोघांचं बोलणं काय ते भिंतीवरून ओरडून.

"बाई, तुमच्या मांजरीनं माही मासोळी नेली! एक दिवस गोणीत भरतो अन् वैनगंगेपल्याड सोडून येतो!"

"हात त लावून पाहा!"

जिवंत माणसाशी बाईंचं दिवसभरात होणारं बोलणं हे एवढंच. बाकी वेळ त्या ठकीशी बोलायच्या, आणि खरं सांगायचं तर ठकी काही फार मन लावून ऐकायची नाही. दुपारी तर ती घरातच नसायची.

समोरच्या पार्वताबाई डाग पाहून चटकन मागं सरकल्या. "अवो बाई, हे त खरूज होय! करंजीचं तेल लावा."

बाईंनी तेल लावलं. ठकीनं ते चाटलं, ओकली आणि जाऊन चुलीच्या राखेत लोळली. आता हा तेल-राखेचा लेप धुवायला हवा, म्हणून बाईंनी कडुलिंबाचा पाला उकळून बादली भरली. मागचे पाय पाण्यात बुडाले मात्र, ठकी बाईंच्या दंडावर पाय रोवून उडाली ती अंगण, गल्ली ओलांडून थेट पार्वताबाईंच्या खाटेवर. खाटेवर वर्षभराच्या मुगवड्या वाळत होत्या. त्यांच्यावरून ती दोनदा गेली, एकदा जाताना आणि एकदा परत येताना.

झालं! खरूज गल्लीभर पसरणार म्हणून ओरड सुरू झाली. सगळे खुशालरावांच्या ओट्यावर जमले, कारण सर्वांत मोठा आवाज त्यांचा आणि गोणीही त्यांचीच. उद्या संध्याकाळी मांजर नदीपार, असं ठरलं. भर वैशाखात गळ्याला दुपट्टा गुंडाळून बसलेले खुशालराव "हो, हो" म्हणाले, पण त्या आवाजावर एसटी काही हलली नसती.

बाई घरात जाऊन रडल्या. ठकी गेली तर या घरात आपल्याशिवाय श्वास घेणारं कोणी उरणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

सकाळीच टोपलीत ठकीला घालून त्या गुरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर एका म्हशीशी झुंजत होते.

"मांजर? बाई, मांजर घेऊन इथे कोणी येत नाही!" तरी त्यांनी डाग उजेडात धरून पाहिला. "ही खरूज नाही. खरूज असती तर कानावर जाड खपल्या धरल्या असत्या, मांजरानं खाजवून जीव दिला असता. हा गोल डाग, वर कोंडा, केस मुळाशी तुटलेले. गजकर्ण आहे. मलम लावा, अंथरूण उकळा आणि तीन आठवडे मोकळं सोडू नका. तुमचा हात बघू?"

बाईंच्या मनगटावर तसाच एक लाल गोल होता.

"गल्लीतल्या लोकांले होईल का?"

"तिला जवळ घेऊन झोपतील त्यांना होईल. लांबून शिव्या देणाऱ्याला कशाला होतंय?" असं म्हणून डॉक्टरांनी म्हशीच्या मापाचा मलमाचा डबा त्यांच्या हातात ठेवला.

संध्याकाळी दारात खुशालराव गोणी घेऊन उभे, मागं गल्ली. बाईंनी ठकीला काखेत घट्ट धरलं आणि आपलं मनगट पुढं केलं. "मले झालं हाय. जो तिले जवळ घेते त्यालेच होते, डॉक्टरनं सांगितलं. तुमी आपापलं अंग पाहा अन् सांगा!"

सगळ्यांनी हात उलटेपालटे करून दाखवले. एकदम स्वच्छ.

"भाऊ, तुमी बी दाखवा ना," पार्वताबाई म्हणाल्या.

"मी कायले दाखवू? मी त तिच्या वाऱ्यालेही उभा रायत नाही!" असं म्हणत खुशालरावांनी दुपट्ट्यावरूनच गळा कराकरा खाजवला.

ठकीनं तो हात ओळखला असावा. ती बाईंच्या काखेतून सुटली, खुशालरावांच्या खांद्यावर चढली आणि रोजच्या जागी निजायला गेल्यासारखी दुपट्ट्यात तोंड खुपसू लागली. दुपट्टा खाली पडला. हनुवटीखाली तीन गोल होते, चांगले पिकलेले.

"अगं माय!" पार्वताबाई म्हणाल्या. "दुरूनच झालं का, भाऊ?"

गल्ली पोट धरधरून हसली आणि हसत हसतच पांगली. बाई मात्र हसल्या नाहीत.

"दुपारी येते," खुशालराव खाली पाहत म्हणाले. "इथं गळ्यापाशी डोकं ठेवून निजते. रुखमिणी गेल्यापासून दुपारी दुसरं कोणी येत नाही ना, बाई."

"अन् मासोळी?"

"मीच देत होतो."

"मग रोज ओरडत काहून होते?"

"ओरडलो नसतो, त तुमी माह्याशी बोलल्या असत्या कायले?"

बाईंनी अर्धं मलम वाटीत काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खुशालराव गोणी घेऊन पुन्हा दारात हजर. पार्वताबाई खिडकीतून ओरडल्या, "नेतेच वाटते आता!" बाईंनी स्वतःच्या हातानं ठकीला गोणीत ठेवलं. "मोकळी सोडाची नाही, डॉक्टरनं सांगितलं हाय. चहाच्या वेळेले घेऊन या. अन् रोजच्यासारखे ओरडत या, नाहीतर मले चुकल्यासारखं होते."

चहाच्या वेळी खुशालराव गोणी छातीशी धरून आले आणि दारातूनच एसटीच्या आवाजात गरजले, "बाई! तुमच्या मांजरीनं..."

पुढं काय म्हणायचं ते त्यांना आठवेना. तोवर बाईंनी दुसरा कप भरला होता.