नोंदीत नसलेली काळी बिअर

ऑस्ट्रेलियातल्या कॅडिना गावात राहणाऱ्या एरॉल पॅस्कोच्या गॅरेजात मोटार नव्हती, बिअर होती. भिंतीला चार नळ, नळांमागे जुना फ्रिज आणि फ्रिजमध्ये एरॉलने स्वतः बनवलेल्या बिअरची चार पिंपं. नळांवर एक फळा टांगलेला असे. त्यावर खडूने लिहिलेलं असायचं : काळी, तांबूस, गव्हाची, फिकी. एखादं पिंप संपलं की एरॉल ते नाव बोटाने पुसून टाकी. ही व्यवस्था वर्षानुवर्षं विनातक्रार चालली होती. त्यामुळेच ती मागासलेली आहे, असा एरॉलचा निष्कर्ष होता. त्याने सगळी नोकरी सरकारी भांडारात काढली होती.

मग बिअर बनवणाऱ्यांच्या मंडळात कुणीतरी आपल्या नळांवर लावलेल्या स्क्रीनचा फोटो दाखवला. एरॉल घरी आला तो फळा उतरवायचं ठरवूनच. त्याने पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक मागवला, अडगळीतला टीव्ही भिंतीवर चढवला, प्रत्येक नळीत एकेक छोटं चक्र बसवलं. नळीतून बिअर गेली की चक्र फिरणार, संगणक ते मोजणार आणि कुठल्या पिंपात किती टक्के बिअर शिल्लक आहे ते पडद्यावर दिसणार. या कामात त्याचा अख्खा हिवाळा गेला. तेवढ्या काळात त्याने फक्त एकच बिअर बनवली, काळी. तीही मर्व्हसाठी.

मर्व्ह ट्रेम्बाथ हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. गुडघे गेल्यामुळे तो आता मुलीकडे दूर डार्विन शहरात कायमचा राहायला निघाला होता. काकवी घातलेली दाट काळी बिअर त्याला आवडे, म्हणून एरॉलने ती मुद्दाम बनवून मुरायला ठेवली होती. शनिवारी दुपारी निरोपाचा कार्यक्रम ठरला. बायकोने, ग्लेनिसने, मांस-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पेस्ट्या भाजल्या. शेजारची नायरी आली. काठी टेकत मर्व्ह आला आणि भिंतीकडे बघतच राहिला.

"बाप रे! हे काय, विमानतळ उघडलंस की काय?"

"प्रणाली आहे," एरॉल गंभीरपणे म्हणाला. "आता अंदाजपंचे काही नाही."

"बरं. माझी काळी दे."

एरॉलने नळ उघडला. प्रवासाला निघालेल्या माणसासारखी बिअर उतावीळ झाली होती. नुसता फेस उसळला. नळीतलं चक्र भिंगरीसारखं गरगरलं. फेस आणि बिअर यांतला फरक चक्राला शिकवलेला नव्हता. पडद्यावरचा काळीचा आकडा सरसर उतरत शून्यावर आला आणि नियमाप्रमाणे काळीचं नाव यादीतून नाहीसं झालं. मर्व्हच्या ग्लासात फेसाची एक टोपी तेवढी राहिली.

"संपली," एरॉल म्हणाला.

"संपली कशी? अजून कुणी प्यालंच नाही!"

ग्लेनिसने फ्रिज उघडून पिंपाला हात घातला. "एरॉल, हे काठोकाठ भरलंय. मला हलवत नाहीये."

"वजन हा निकष नाही, ग्लेनिस."

"मग काय निकष आहे?"

"नोंद. नोंदीप्रमाणे हे पिंप रिकामं आहे. रिकाम्या पिंपातून बिअर द्यायची कशी?"

"अरे, मग तो आकडा बदल ना," नायरी म्हणाली.

एरॉलने तिच्याकडे दुखावल्या नजरेनं पाहिलं. "हाताने आकडे बदलायचे असते तर फळा काय वाईट होता? एकच मार्ग आहे, नवीन पिंप जोडलं म्हणून कळवायचं. पण हे नवीन नाही. खोटी नोंद मी करणार नाही. तोवर फिकी घ्या. फिकी सत्तर टक्के आहे."

नायरीने फिकीच्या नळाखाली ग्लास धरला. नळातून फुस्स असा आवाज आला आणि थांबला. तिथल्या चक्राची तार सुटली होती. ते पिंप केव्हाच रिकामं झालं होतं आणि पडद्याला त्याचा पत्ता नव्हता.

"काही येत नाहीये."

"येईल. आहे ती. जरा धीर धर."

नायरीने धीर धरला. पडद्यावर सत्तर दिसत असताना ग्लास बाजूला घेणं तिलाही जिवावर आलं. मर्व्ह कधी तिच्याकडे, कधी हातातल्या फेसाकडे बघत होता.

"एरॉल," तो हळूच म्हणाला, "उद्या सकाळी निघतोय रे मी."

नळ पुन्हा उघडावा असं एरॉलला मनापासून वाटलं. पण यादीत नसलेली बिअर दिली तर ती मोजणार कशात? त्याने संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला.

ग्लेनिसने आणखी वाद घातला नाही. तिने नळी काढली, पिंप फ्रिजमधून बाहेर ओढलं, सहलीला वापरायची साधी तोटी त्याला लावली आणि नायरीच्या मदतीने ते मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली नेलं. थोड्याच वेळात तिकडून हसण्याचे आवाज येऊ लागले.

"काय झालीये रे ही!" मर्व्ह ओरडला. "एरॉल, ये ना, साल्या!"

"आलोच. एक मिनिट."

पडद्यावर एक गोल फिरत होता. तो सोडून उठणं एरॉलला बेजबाबदारपणाचं वाटलं. उन्हं कलली तेव्हा मर्व्ह दारात आला. त्याच्या मिशीला फेस लागला होता. "येतो बरं का," तो म्हणाला. एरॉलने मान न वळवता एक हात वर केला आणि दुसऱ्या हाताने कळ दाबली.

सगळे गेल्यावर ग्लेनिसने पिंप फ्रिजमध्ये आणून ठेवलं आणि नळी जोडली. आता ती ते एका हाताने आणू शकत होती. त्याबरोबर एरॉलला मार्ग सापडला. जागेवरून हललेलं पिंप पुन्हा जोडलं गेलं, म्हणजे नियमाने ते नव्याने जोडलेलं पिंप ठरतं. यात खोटं काहीच नव्हतं. त्याने तशी नोंद केली. पडद्यावर काळी झळकली : शंभर टक्के. त्याने पडद्याचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, मर्व्हलाही पाठवला. "काय रंग आहे!" "काकवीचा वास इथपर्यंत आला!" अशी दाद रात्रीपर्यंत येत राहिली. ती बिअर कशी लागत होती, हे एरॉलला स्वतःला माहीत नव्हतं.

डार्विनला पोचल्यावर मर्व्हने तो फोटो पाहिला. त्याने लगेच विचारलं, "काळी तर भरलेली दिसतेय. मग शनिवारी आम्ही काय प्यालो?"

"तशी नोंद नाही," एरॉलने कळवलं.

यावर मर्व्हने लिहिलं : "मलाही तेव्हाच शंका आली होती. एवढी चांगली लागली म्हणजे दुसरंच काहीतरी असणार. एरॉल, तुझी काळी प्यायची राहूनच गेली बघ."

मर्व्हच्या भोळेपणाला हसायची सर्वांना मुभा आहे. आज आपण किती चाललो, रात्री झोप कशी लागली, हे जे स्वतःच्या पायांना आणि डोळ्यांना विचारतात, मनगटावरच्या पट्ट्याला विचारत नाहीत, त्यांनी आधी हसावं. बाकीच्यांनी आपल्याला हसू आलं की नाही, ते पट्ट्यावर बघून घ्यावं.