रायणीला विचारणारे तात्या

आमचे चिंचणीचे तात्या झाडाला विचारल्याशिवाय त्याच्यावर सुरी चालवत नसत.

त्यांचा धंदा चिकूच्या कलमांचा. रानातल्या चिवट रायणीचं रोप चिकूच्या फांदीला बांधायचं, दोघांचा जीव जुळला की रायणीचा शेंडा उडवायचा आणि चिकूची फांदी मूळ झाडापासून तोडायची. पार डहाणूपर्यंत तात्यांच्या हाताला नाव होतं, आणि मला आजही त्याचा अभिमान वाटतो. पण गिऱ्हाइकाचा जीव जाई. तात्या रोपापुढे उकिडवे बसत. "बाय, तुझा शेंडा घेतो. चालेल ना?" मग विडी ओढत थांबत. पान हललं की होकार. वारा पडलेला असला तर बोईसरहून आलेला कारखान्याचा साहेब तासभर बांधावर बसे.

"तात्या, पान वाऱ्याने हलतं," मी एकदा शाळेतलं ज्ञान पाजळलं.

"मग वारा तिच्या वतीने बोलतो. तुझं काय जातं?"

शंभरातली एखादी रायण दिवसभर पान हलवत नसे; ती 'नाय' म्हणाली, असं ते धरत. तिला ते न कापता खाडीच्या वाटेवर नेऊन लावत. त्या वाटेला आज सावली आहे.

मी डोंगरातल्या पाड्यावरचा. आई त्यांच्या वाडीत कामाला येई. तात्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी मला ठेवून घेतलं, शिकवलं. पाड्यातला पहिला पदवीधर मी झालो, तेव्हा त्यांनी अख्ख्या आळीत चिकू वाटले आणि प्रत्येकाला माझे मार्क सांगितले, थोडे वाढवूनच.

नव्वद सालानंतर मला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथे एका जिवाचा गुण काढून दुसऱ्याच पिकात घालायचे प्रयोग चालत. तात्या नको म्हणाले तर जायचं नाही, असं ठरवून मी त्यांना सगळं सांगितलं.

"तितं पिकाला कोण विचारतं?"

"कोणी नाही."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कलमं तोडता तोडता म्हणाले, "तुला इकडं आणला तवा तुझ्या आईला विचारलं. तुला नाय विचारलं. सहा वर्षांचा होतास. तिचा पदर सोडत नव्हतास."

मी खरं ते सांगितलं. "विचारलं असतंत तर नाहीच म्हणालो असतो."

"ठावं होतं. म्हणून तर नाय विचारलं."

त्यांनी स्वच्छ झालेली सुरी पुन्हा पुसली.

"आता सांग," ते म्हणाले, "तुला कुटल्या तोंडाने अडवू?"