मोरचुदाचे अप्पा

आमच्या कॉलेजातले अप्पा ॲसिडच्या बाटल्यांना भस्म लावायचे. पाणी घातलेल्या ॲसिडला एक पट्टा, कडक ॲसिडला तीन. इंग्रजी लेबलं त्यांना वाचता येत नव्हती. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "शंकराची राखण हाय." माजलगावात तेव्हा घरोघरी केबल पोचत होती, पण आमची प्रयोगशाळा शंकराच्या भरवशावर चालली होती, आणि कुणाचं बोटसुद्धा भाजलं नव्हतं.

अप्पा तिथले परिचर, घरी एकटेच राहायचे. परीक्षानळ्या धुवायच्या, स्टोव्ह पेटवायचा, नि कुणी कॉपर सल्फेट म्हणालं की रागवायचं. "मोरचूद म्हन. बाजारात गेल्यावर काय मागशील?"

मी बारावीला. तुमची आजी लई हुशार होती, असं मी नातवंडांना सांगते. खरं म्हणजे ती पोपट होती. तांब्याच्या सगळ्या अभिक्रिया मी आरतीच्या चालीवर पाठ केल्या होत्या. वडिलांनी बजावलं होतं, "प्रॅक्टिकलात नापास झालीस तर शिक्षण बंद. तलवाड्याचं स्थळ तयार हाय." त्यामुळे आरती अगदी कळवळून चालायची.

परीक्षेच्या दोन दिवस आधी अप्पांनी मला व्हरांड्यात पकडलं.

"कावून बडबडायलीस गं माय?"

"तोंडी परीक्षेची तयारी, अप्पा."

"तांबं बगितलंस का कदी?"

"वहीत आहे ना."

अप्पांनी कपाळावर हात मारला नि मला आत नेलं. तारेचा तुकडा, त्यावर तीन पट्ट्यांचं ॲसिड. तांबडा धूर निघाला. "मागं सर!" खाली निळं पाणी. त्यात कॉस्टिक सोडा पडला. "बग, निळं दही." मग नळी आचेवर धरून अप्पा ओरडले, "आता बग हां! आता बग!"

आणि नेमकी तेव्हा मी, विदुषी, मान खाली घालून वहीतलं 'निळं दही' खोडून 'निळा अवक्षेप' लिहीत होते. मान वर केली तोवर अप्पांनी त्यात एक पट्ट्याचं ॲसिड ओतलं होतं, नि नळी पुन्हा निळी झाली होती.

"बगितलंस?"

"हो," मी म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. अप्पा कोपऱ्यात खांबासारखे उभे. "देवळात नि परीक्षेत तोंड उघडायचं न्हाई," हा त्यांचा कायदा. बाकी मुलं त्यांच्याकडे आशेनं बघायची, अप्पा छताकडे बघायचे.

"निळा अवक्षेप तापवला तर?" परीक्षकांनी विचारलं.

मी समीकरण धडाधडा म्हटलं.

"छान. रंग कोणता होतो?"

आरतीत रंग नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे तलवाड्याचा मुलगा मुंडावळ्या बांधून उभा राहिला. मी 'हिरवा' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात परीक्षकांच्या मागे अप्पा सरकले. कोरा, पुसलेला फळा ते पुन्हा पुसू लागले. बावळट मी, मला वाटलं, म्हाताऱ्याला हीच वेळ सापडली का? मग त्यांनी बोटांनी फळ्यावर टकटक केलं.

"काळा, सर!"

मी पास झाले. निकालानंतर पेढे घेऊन गेले, तर अप्पा एकटेच नळ्या धूत होते.

"काय अप्पा, कायदा मोडलात की!"

"तोंड कुटं उघडलं मी?" ते हसले. मग नळीत ब्रश फिरवत राहिले, नळी स्वच्छ झाल्यावरसुद्धा. "माज्या लेकीला, शोभालाबी ह्योच सवाल आलता. हितंच उबी व्हती. माज्याकडं बगायली, बगायली. मी आपला छताकडं बगत ऱ्हायलो."

"मग?"

"मग काय. नापास झाली. उन्हाळ्यात लगीन लावून दिलं. धर्मापुरीला हाय. माहेराला येत न्हाई."

मी पेढा पुढे केला. अप्पांनी दोन घेतले. एक तोंडात टाकला, दुसरा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. घरी तो कोण खाणार होतं, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. मी पास झाल्याच्या आनंदात होते.