रिकाम्या चौकटीतले पणजोबा

आमच्या शेजारच्या भालूकाकांच्या दिवाणखान्यात तीन फ्रेम आहेत. पहिलीत त्यांचे वडील, दुसरीत आजोबा आणि तिसरीत काहीच नाही. म्हणजे, जुन्या रजिस्टरातला एक रिकामा रकाना मोठा करून लावलाय आणि त्याला चंदनाचा हार घातलाय. "हे आमचे पणजोबा," काका ओळख करून देतात. आपण मुकाट्याने नमस्कार करायचा.

अमेरिकेतल्या या नोव्हाय गावात मी नवा होतो तेव्हा वाटलं, माणूस कामातून गेलाय. हकिकत अशी, की काकांचे आजोबा चार वर्षांचे असताना दुष्काळात इंग्रजांच्या छावणीत एकटेच सापडले. कारकुनाने मुलाचं नाव लिहिलं, बापाचा रकाना तसाच सोडला. मोटारींचे ब्रेक डिझाइन करण्यात हयात घालवलेल्या काकांनी रिटायर झाल्यावर लंडनहून त्या छावणीचे कागद स्कॅन करून मागवले. बाप कुठेच नाही. पितृपक्षात तर्पणाला तिसरं नाव घ्यायची वेळ आली की काका अडतात. व्हिडिओ कॉलवरचे गुरुजी म्हणतात, "नुसतं पणजोबा म्हणा." काका ऐकत नाहीत. आपल्या मागे या माणसाला पाणी द्यायला कुणी नाही, ही त्यांची धास्ती.

म्हणून त्यांनी दारात एक वही ठेवलीय. येईल त्याने स्वतःचं, बापाचं, आजोबांचं नाव लिहायचं. "उद्या कुणी शोधत आलं तर? नोंद नको?" कुरिअरवाल्या बाईने तर घाबरून आईचंही नाव लिहून टाकलं. टेक्सासहून मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, लेट इट गो." काका म्हणतात, "नोंद होऊ दे, मग सोडतो."

एक सांगतो, हसू नका. त्या तिसऱ्या फ्रेमच्या काचेत आपलाच चेहरा दिसतो, पण खंगलेला. एकदा मी तिथला दिवा लावायला गेलो. "नको रे समीर," काका म्हणाले, "त्यांना उजेड सोसत नाही." तेव्हापासून त्या फ्रेमकडे पाठ करून मी बसत नाही.

यंदा सर्वपित्रीला काकांनी मला बोलावलं. घरामागच्या लाकडी डेकवर तीन पानं वाढली. दोन पानं कावळ्यांनी पाच मिनिटांत साफ केली. तिसऱ्याजवळ एकच कावळा येऊन बसला, शिवेना. दर वर्षी असंच होतं म्हणे. अशा वेळी गेलेल्याच्या मनातलं ओळखून वचन द्यायचं असतं. "तुमचं नाव शोधून काढीन," काका म्हणाले. कावळा ढिम्म. "तुमच्या गावाला जाऊन येईन." ढिम्म. अर्धा तास झाला, वारा पडला, तरी त्या पानावरच्या भाताची वाफ काही थांबेना.

काका खालीच बसले. थकले होते बिचारे. मग शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलले.

"अहो, पोरगं जगलं तुमचं. छावणीत नाही मेलं. शिकलं, लग्न झालं, पाच मुलं झाली. मला खांद्यावर बसवून जत्रेला नेलंय त्याने. चांगलं म्हातारं होऊन गेलं, पोटभर जेवून."

कावळा पानावर उतरला.

काकांच्या डोळ्यांना धार लागली होती, पुसायचंही भान नव्हतं. मला म्हणाले, "आत जा, कुकरमधला उरलेला भात आण. दुष्काळातून आलेत ते."