दोन टक्के तरी घ्या

माळेवाडीत लॅपटॉप आणायला कुणी जात नाही. लॅपटॉपच घरी बघायला येतो, आणि माणूस पसंत पडलं तर राहतो. मुलगी असो की मुलगा, बारावी झाली की घरचे मध्यस्थाच्या कानावर घालून ठेवतात. ज्याला लॅपटॉपनं पसंत केलं त्याला कॉलेज नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला पसंत केलं नाही त्याला कॉलेज हो म्हणू शकत नाही. नियम सरळ आहे. गेल्या साली खालच्या आळीतल्या वैजूला बघून गेलेला लॅपटॉप "कळवतो" म्हणाला, तो अजून कळवतोच आहे, आणि वैजू अजून दारात तांदूळ निवडते आहे.

म्हणून सिद्रामअज्जाला आपल्या नातीची, शिवलीलाची काळजी लागली होती. लीलाला घरांचे नकाशे काढायला शिकायचं होतं. चालायला लागली तशी ती अज्जाबरोबर गुऱ्हाळावर जायची आणि चुलवणाच्या राखेत काडीनं खोल्या आखत बसायची. आत देवघर, मागं न्हाणी, आणि मध्ये भलामोठा जिना, जो कुठंच जात नसे. अज्जानं सगळी हयात काहिलीपाशी उभं राहून रस आटताना बघण्यात घालवली होती. शाळेत तो एकदाच गेला होता, तेही गुळाची ढेप पोचवायला. घाई त्याच्या अंगात नव्हती आणि नातीच्या अंगात दुसरं काही नव्हतं, त्यामुळं दोघांचं छान जमायचं.

सोमवारी कॉलेज उघडणार होतं. आदल्या दिवशी, रविवारी, बघण्याचा कार्यक्रम ठरला. खरं सांगायचं तर दोन ठरले. लीलाच्या वडिलांना, महादेवला, लॅपटॉप तालेवार घराण्यातला हवा होता, म्हणून त्यानं बाळासो मध्यस्थाला सांगितलं. आईला, गिरिजाला, हलकाफुलका हवा होता, कारण पोरगी आधीच काडीसारखी. तिनं काशिनाथ शिंप्याला सांगितलं. दोघांनीही एकमेकांना कळू दिलं नाही आणि दोघांनीही अज्जाला मात्र सांगितलं, वर "कुणाला बोलू नका" असंही बजावलं. अज्जा कुणाला बोलला नाही. त्याला वाटलं, वेळ आहे अजून, काहीतरी सुचेल.

रविवारी सकाळी पुढच्या दारात जीप थांबली. पुढच्या सीटवर पट्टा लावून तालेवार लॅपटॉप बसला होता. रुंद, काळा, पाट्यासारखा जड. बाळासोनं त्याला दोन्ही हातांनी उचलून सोप्यातल्या कॉटवर लोडाला टेकून बसवलं. सोबत त्याचा चार्जर होता. तो नात्यानं त्याचा मामा. जाडजूड, विटेएवढा, आणि बोलणं सगळं त्याच्याकडं.

त्याच वेळी मागच्या दारात काशिनाथची सायकल टेकली. त्याच्या कापडी पिशवीत हलका लॅपटॉप होता, पत्रावळीसारखा चपटा, आणि त्याची धाकटी बहीण, बोटभर चार्जर. गिरिजानं त्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवलं.

सोप्यातून महादेव आत डोकावला आणि पाटाकडं बघून जागच्या जागी थिजला. गिरिजानं दारातून कॉटकडं बघितलं.

"हे काय करून बसलासा?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"मी? आणि हे पाटावर कोण बसलंय?"

"आप्पांना ठाऊक होतं."

"मीबी आप्पांनाच सांगितलं होतं की."

दोघांनी अज्जाकडं बघितलं. अज्जा म्हणाला, "पोहे एकाच कढईतले पुरतील. मधलं दार लोटून घ्या."

एका घरी, एका वेळी दोन स्थळं, हा माळेवाडीत केवढा अपमान ते सांगायला नको. कळलं असतं तर दोन्ही लॅपटॉप उठून गेले असते, आणि त्या घराकडं पुन्हा एकही फिरकला नसता. म्हणून महादेव पुढं बसला, गिरिजा मागं, आणि लीला दोन्हीकडं. पुढं नमस्कार करून ती आत पळायची, मागं नमस्कार करून बाहेर. दर खेपेला ती धापा टाकत असे. "मुलगी चपळ दिसते," मामा म्हणाला.

अज्जा पाण्याचा तांब्या घेऊन मधली ये-जा सांभाळत होता, त्याच्या चालीनं.

"आमचा भाचा जरा गरम आहे," मामानं सोप्यात सांगितलं. "पण मनात काही ठेवत नाही. पंखा आतच आहे त्याला. मोठमोठे बंगले एका दमात उभे करतो. मुलगी बटणं आपटते का?"

"नाही ओ. लई हलका हात," महादेव म्हणाला.

"मांडीवर घेऊन बसायची सवय असली तर मोडावी लागेल. भाजतं."

तालेवार लॅपटॉप खाली मान घालून बसला होता. त्याच्या आतला पंखा घरभर घोंघावत होता.

"हा आवाज कशाचा?" हलक्यानं स्वयंपाकघरात विचारलं.

"शेजारी गिरण आहे," गिरिजा म्हणाली.

"रविवारी चालू असते?"

"ज्वारीची आहे," गिरिजा म्हणाली, आणि ते त्याला पटलं.

अज्जा पाणी घेऊन आला की हलका त्याला बसवून घेई. पाहुणा एकटा बसू नये म्हणून अज्जानं त्याला एक गोष्ट सांगायला घेतली, त्याच्या तरुणपणी तो आणि त्याचे सोबती कारदग्याच्या बाजारातून बैल आणायला गेले होते त्या वेळची. दोन वाक्यं झाली की सोप्यातून हाक यायची. अज्जा जायचा, यायचा आणि जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं सांगायचा.

मग आग्रहाची वेळ आली. आपल्याकडं लॅपटॉप पोह्याला हात लावत नाहीत, बटणांत कण जातात. पण चार्जिंग घेतल्याशिवाय पाहुण्याला उठू दिलं तर घराची शोभा काय राहिली?

"थोडं घ्या की," गिरिजा म्हणाली.

"नको, निघताना पोटभर घेतलंय," हलका म्हणाला.

"असं कसं? दोन टक्के तरी घ्या. मुलीनं स्वतः बोर्ड पुसलाय."

बहिणीनं लाजत लाजत पिन लावली. तिकडं सोप्यात मामाला आग्रह करावाच लागला नाही. त्यानं महादेवचं बोलणं पुरं व्हायच्या आत बोर्ड गाठला होता आणि भाच्याला भरवायला घेतलं होतं. सोप्यातला दिवा आधी पिवळा झाला, मग तांबडा. घरातला फ्रिज एकदा कण्हला. बाहेर खांबावर फट्‌ असा आवाज झाला आणि सगळ्या आळीची वीज गेली.

तालेवार लॅपटॉप नेमका त्या क्षणी पहिल्यांदा तोंड उघडत होता. बॅटरी त्याला नावालाच होती. तो म्हणाला, "मला मुलगी..." आणि काळा पडला. मामाचा बारीक दिवाही विझला. पंखा थांबला.

घर एकदम गप्प झालं. त्या शांततेत हलक्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "गिरण विजेबरोबर थांबली. म्हणजे ती याच घरातली. मला तिकडं न्या."

त्याला नाही कोण म्हणणार? अज्जानं त्याला पाटावरून उचललं आणि मधलं दार पायानं उघडलं.

बाळासो उभा राहिला. काशिनाथही उभा राहिला. "एका मुहूर्तावर दोन स्थळं," बाळासो म्हणाला. "महादेवराव, पंचक्रोशीत माझं नाव आहे."

"माझंबी आहे," काशिनाथ म्हणाला. "फक्त मी ते जीपवर लिहून हिंडत नाही."

"वायरमनला बोलवा आधी," महादेव म्हणाला. वायरमन पलीकडच्या गावी मेहुणीच्या हळदीला गेल्याचं कळलं. फोनवर मागं बँड वाजत होता. तो म्हणाला, "हळद लागली की निघतो." कुणाला लागली की, ते त्यानं सांगितलं नाही.

लीला हलक्यासमोर बसली. तिनं सरळच विचारलं, "तुम्हाला तीन मजली घर काढता येईल का?"

"एक खोली काढीन," हलका म्हणाला. "दुसऱ्या खोलीला विचारात पडेन. तिसरीला तुझ्यासमोर एक गोल चक्र फिरवत ठेवीन आणि तू वाट बघशील."

"मला वाट बघायला येत नाही."

"दिसलं ते. आत-बाहेर करताना तू दोनदा माझ्याच बहिणीला अडखळलीस. आपलं जमायचं नाही, पोरी. वाईट वाटून घेऊ नको."

गिरिजानं पदर तोंडाला लावला. एक नकार झाला होता आणि दुसऱ्याचं बोलणं "मला मुलगी" पाशी अडकून पडलं होतं. तेवढ्यात हलका म्हणाला, "पण स्थळ मला पसंत आहे."

"म्हणजे काय?" काशिनाथनं विचारलं.

"अज्जा पसंत आहेत."

अज्जानं मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

"यांनी सकाळपासून एक गोष्ट सांगायला घेतलीय," हलका म्हणाला. "अजून बैल गाडीला जुंपलेले नाहीत. मी दिवसभर जागा राहू शकतो. आजवर जिथं जिथं गेलो तिथं सगळ्यांना लगेच उठायचं असायचं. एवढा वेळ माझ्यातला कुणी कधी वापरला नाही."

"आप्पांना वाचता येत नाही ओ," महादेव म्हणाला.

"मला येतं," हलका म्हणाला.

बाळासोनं यावर बराच विचार केला आणि नियमात काही खोट नसल्याचं कबूल केलं. पसंत केलं म्हणजे केलं. काशिनाथनं अज्जाच्या हातावर साखर ठेवली. अज्जानं ती तशीच मुठीत धरली. "माझं राहू दे," तो म्हणाला. "पोरीचं काय ते बघा."

पण वीज येईना. बाळासो म्हणाला, "उन्हं उतरेपर्यंत थांबतो. मग स्थळ घेऊन जातो. न कळवता नेलं म्हणजे नकारच समजायचा." महादेव आणि गिरिजा दोन कोपऱ्यांत बसून एकमेकांना दोष देऊ लागले, तोही दबक्या आवाजात, झोपलेला पाहुणा जागा होऊ नये म्हणून.

लीलाला बसवेना. ती अज्जाकडं आली. "अज्जा, त्याला उचलून बघू?"

"बघ की. झोपलेल्याला भार सांभाळता येत नाही, तेवढं ध्यानात ठेव."

तिनं दोन्ही हात खाली घातले. पहिल्यांदा तो हलला नाही, तीच वाकली. मग तिनं त्याला पाण्याच्या घागरीसारखं कमरेवर घेतलं. तशी ती अंगणात आली. अंगणातून फाटकाशी गेली, फाटकातून रस्त्यावर. वैजू तांदूळ निवडायचं थांबून बघत राहिली. लीला चालता चालता बोलत होती, कारण गप्प राहणं तिला जमत नव्हतं. "ही आमची विहीर. हे देसायांचं घर, ह्याचा जिना चुकलाय, माणूस वर गेला की भिंतीला टक्कर देतो. मी असला बांधणार नाही. एसटी इथं थांबते. उद्या इथूनच जायचं, तुम्ही आलात तर." एसटीच्या थांब्याला वळसा घालून ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पिकल्या मिरचीसारखा झाला होता. अज्जा फाटकात उभा होता. त्यानं हात पुढं केले नाहीत. तिनं मागितलेही नाहीत.

उन्हं उतरली. बाळासोनं जीपची किल्ली काढली. आणि दिवा लागला. हळदीनं पिवळा झालेला वायरमन खांबावरच दिसत होता.

"गर्दी करू नका," मामा जागा होत म्हणाला. भाचा मात्र हळूहळू उजळला. पंखा घुमला. सगळे वाकून उभे राहिले.

"तुम्ही 'मला मुलगी' म्हणाला होतात," महादेव म्हणाला. "त्याच्या पुढं काय?"

तालेवार लॅपटॉपनं आठवून बघितलं. "मला मुलगी दिसत नाही, तिला जरा उजेडात बसवा, असं म्हणणार होतो."

बाळासोनं किल्ली बोटात फिरवली.

"मला झोपेत कुणी उचललं?" लॅपटॉपनं विचारलं.

"मी," लीला म्हणाली. "चुकलं असेल तर..."

"मामा, तुम्ही गप्प बसा," तो म्हणाला. मामा अजून काही बोललाही नव्हता. "याआधी दोन घरी राहिलो. दोन्ही ठिकाणी मला टेबलावर ठेवलं आणि वर रुमाल घातला. जड आहे म्हणून कुणी कधी बाहेर नेलं नाही. मी बंगले उभे केले, पण रस्ता बघितला नव्हता. झोपेत मला वाटलं, आपण चाललोय." तो थोडा गरम झाला. "त्या देसायांचा जिना खरंच तसा आहे?"

"उद्या जाता जाता दाखवते," लीला म्हणाली.

"मग मला मुलगी पसंत आहे. मामांना मात्र बरोबर घ्यावं लागेल."

"मामा मी घेतो," अज्जा म्हणाला, आणि मुठीतली साखर त्यानं नातीच्या तोंडात घातली. ती एव्हाना चिकट झाली होती.

सोमवारी सकाळी लीला आणि अज्जा दोघं एसटीला गेले. देसायांच्या घरापाशी पाच मिनिटं थांबावं लागलं. जड लॅपटॉप लीलाच्या पाठीवर होता, मामा अज्जाच्या खांद्यावर, आणि हलका त्याच्या बगलेतल्या कापडी पिशवीत, बहिणीसकट. कॉलेजच्या कारकुनानं दोघांची नावं घेतली. त्यानं अज्जाच्या पांढऱ्या मिशांकडं बघितलं, लॅपटॉपकडं बघितलं, आणि शिक्का मारला.

लीलाचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. जिन्याच्या तोंडाशी अज्जानं मामाला तिच्या हाती दिलं. ती वर गेली, एकेक पायरी, न थांबता. थोड्या वेळानं वरून पंख्याचं घोंघावणं ऐकू आलं, तेव्हा अज्जा तळमजल्यावरच्या आपल्या वर्गात शिरला आणि शेवटच्या बाकावर बसला.

सरांनी हजेरी घेतली. "सिद्राम."

अज्जा उठायला लागला. त्याला उठायला वेळ लागतो.

"येतायत," हलका म्हणाला. "थांबा."

सर थांबले. सगळा वर्ग मागं वळून थांबला. अज्जा पुरा उभा राहिला, त्यानं टोपी नीट केली, घसा साफ केला आणि जिथं सोडलं होतं तिथून सुरू केलं.

"तर मग आम्ही बैल जुंपले."