पैठणीवरून ‘आणि’चा व ‘मग’चा कज्जा जाहला

श्रीगणरायास नमन, शारदेस नमन, आणि बायकांच्या कनवटीस तिसरे नमन. शके सतराशे चौदा, परिधावीनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध द्वितीया, ते दिवशी एका राज्यात सरकारी कापडकोठीची दवंडी फिरली की, “पैठणीस सूट, शेकडा तीस आणि शेकडा वीस हो!” हे भागूबाई कासारणींनी ऐकिले आणि त्यांचे काळीज सुपाएवढे जाहले. कारण दुसरे दिवशी लेकीचे लग्न, आणि लेकीस शालू घेतला खरा, परंतु चाळीस वर्षे परक्यांच्या नवरीमुलींस चुडे भरिता भरिता बाईंच्या स्वतःच्या अंगास रेशीम लागले नव्हते, आणि विहीणबाईंसमोर सुती लुगड्यात उभे राहणे जिवावर आले होते. पैठणी शंभराची, तीस नि वीस पन्नास, कनवटीस नेमके पन्नास. मग बाई कोठीत दाखल जाहल्या आणि जांभळी पैठणी मांडीवर घेऊन बैसल्या.

कारकून विसाजीपंत वदले, “छप्पन्न द्या.” बाई म्हणाल्या, “पन्नास, पंत.” “अहो बाई, शंभरातून तीस गेले, उरले सत्तर. मग वीस काढायचे ते सत्तरावर. म्हणजे चौदा. राहिले छप्पन्न.” मग बाईंनी पाटीतल्या शंभर बांगड्या जाजमावर मांडिल्या, आणि तीस उचलिल्या, आणि चौदा उचलिल्या, उरल्या छप्पन्न. मग पुन्हा मांडून आधी वीस उचलिल्या, आणि ऐंशीवर शेकडा तीसप्रमाणे चोवीस उचलिल्या, तरी छप्पन्नच! “अगं बाई, उलटं नेसलं तरी लुगडं तेवढंच!” असे बोलून बाईंचे तोंड उतरले, आणि हात काही पैठणीवरून निघेना. मग एकाएकी डोळे लकाकले. “पंत, हिशेब तुमचा खरा. पण दवंडीत ‘मग’ कुठं होतं? ‘आणि’ होतं! पंगतीत लाडू आणि जिलबी म्हटलं, तर लाडू खाऊन उरलेल्या भुकेवर जिलबी मोजून वाढता का?” “आमच्या घरी तसंच वाढतात,” पंत बोलून गेले, आणि कोठीतल्या बायका पोट धरून हसल्या, आणि आत वस्त्रे पाहात बैसलेल्या राणीसाहेब हसत बाहेर आल्या. “पंत, दवंडी आमची, शब्द आमचा. ‘आणि’ म्हटलं की बेरीज. पन्नासच घ्या, आणि उद्यापासून ‘मग’ म्हणून ओरडा.”

मग बाई पैठणी नेसून मांडवात मिरविल्या, आणि विहीणबाईंनी पदर चाचपून पुशिले, “केवढ्याची हो?” बाई वदल्या, “शंभराची,” आणि यात काडीमात्र लबाडी नव्हती.

सारांश, सुटीवर सूट असता बेरीज करू नये, उरल्यावर मोजीत जावे; परंतु दवंडी कान देऊन ऐकावी. घडले तैसे लिहिले. वाचणारीस जरीकाठ लाभो.