मोहितेकाकांचं महायुद्ध

मोहितेकाकांच्या फ्रिजवर चार देशांचा ताबा आहे. खोटं वाटेल, पण मी डोळ्यांनी बघितलंय. वरचा कप्पा अमेरिकेचा, म्हणजे नातीचं चीज नि ज्यूस. मधला ब्रिटिशांचा, तिथे मुलाची बियर. भाजीचा खण फ्रेंचांना, म्हणजे शाकाहारी सुनेला. आणि सगळ्यात खालचा रशियाचा. तिथे डब्यात डबा घालून काकांची सुकट. कप्प्याकप्प्याला रंगीत चिकटपट्टी. लढाई संपल्यावर बर्लिन शहर चौघांनी असंच वाटून घेतलं होतं, म्हणे.

"बाबा, दुधाला सुकटीचा वास येतोय!" सून सोनल ओरडते.

"वासाला सरहद्द नसते, सूनबाई. तहात तसं कलमच नाही."

अमेरिकेतल्या या पिस्कॅटवे गावात आमची दारं समोरासमोर. त्यांचा मुलगा कॉम्प्युटरवाला, माझाही तसाच. काका साताऱ्याकडचे, एस.टी.च्या डेपोत कंट्रोलर होते. जन्मभर गाड्या सोडल्या, आणि इथे गाडी चालवता येत नाही म्हणून पायी लायब्ररीत जातात. दुसऱ्या महायुद्धाची उशीएवढी जाड पुस्तकं पिशवीतून आणायची, शब्दकोश शेजारी ठेवून वाचायची, आणि मग कुणाला तरी सांगायची. नात रिया तर "आजोबा, नॉट अगेन!" म्हणून पळते. राहिलं कोण? मी. पोळ्या लाटता लाटता मी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तीनदा उतरलेय.

या वाचनामागचं कारण त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, जिन्यात उभ्याउभ्या. त्यांचे वडील पलटणीतून इटलीला गेले ते आलेच नाहीत. काका तेव्हा रांगत होते.

"पुस्तकात सगळं आहे, वहिनी. कुठल्या पुलावर किती तोफा, सगळं. पण आमचा बाप तिथं कसा राहिला असेल, ते कुठंच नाही. तिथं असलेला एक माणूस मला गाठायचाय. इथलेही पुष्कळ गेले होते."

म्हटलं, गाठा बापडे.

त्यांचं पेटंट वाक्य एकच, "लढाई सोपी, तह अवघड." त्या वर्षी टीव्हीवर इराकची लढाई चालली होती. बगदाद पडलं तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "संपलं, काका." काका म्हणाले, "संपलं? अरे, आत्ता तर पंगत बसायचीय. वाढणार कोण, उष्टी काढणार कोण, ठरलंय का?"

पंगतीवरून आठवलं. इथल्या मराठी मंडळींत गणपतीच्या जेवणाची कामं वाटायची होती. काकांनी मीटिंगला तिघेच ठेवले, एक पुण्याचा, एक मुंबईचा आणि स्वतः. का, तर महायुद्धाच्या शेवटी याल्टाला जग वाटून घेताना बडे तिघेच होते. पुण्याला मोदक, मुंबईला बटाटेवडे, साताऱ्याकडे देखरेख. नागपूरकरांना ईमेल आली तेव्हा कळलं, भांडी आपल्याकडे!

नागपूरचा मंदार तरातरा दारात. "काका, यार, हा कुठला न्याय?"

"न्याय नाही रे. याल्टाला पोलंडचं सगळं पोलंडला न विचारताच ठरलं. याला पोलंड होणं म्हणतात."

आणि गणपतीच्या दिवशी हेच काका बाह्या सरसावून मंदारबरोबर शेवटच्या पातेल्यापर्यंत घासत उभे. घासताना त्याला पोलंडची हकिकत इतकी सविस्तर सांगितली, की बिचारा म्हणाला, "काका, तुम्ही बसा, मी एकटा घासतो."

मग एक दिवस लायब्ररीच्या फळ्यावर काकांची चिठ्ठी लागली. इटलीला जाऊन आलेलं कोणी असल्यास फोन करावा. खाली मुलाचा नंबर. युद्धाचा उल्लेखच नाही! काकांच्या लेखी माणूस इटलीला दुसऱ्या कशाला जाणार? पहिला फोन हनिमूनहून परतलेल्या जोडप्याचा, हॉटेल कुठलं चांगलं ते सांगायला. दुसऱ्या फोनवरच्या बाईंनी तर फोटो घेऊन येते म्हटलं. मुलगा कावला. "बाबा, चिठ्ठी काढा." काका हटले नाहीत.

तिसरा फोन आला तो एका अमेरिकन बाईचा. तिचे वडील खरंच तिथे लढले होते. राहायला चार गल्ल्या पलीकडे.

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. रियाच्या वहीत प्रश्न लिहून घेतले, कुठली नदी, कुठला डोंगर, कुणाचा हुकूम चुकला. मला बरोबर नेलं. मी आपला लाडवांचा डबा घेतला, रिकाम्या हातानं कसं जायचं?

म्हातारेबुवा खिडकीपाशी बसले होते, गुडघ्यांवर शाल. काकांनी वही उघडली. मिटली. पुन्हा उघडली. जिना उतरतानाही बोलणारा हा माणूस. मी कोपरानं ढोसलं तेव्हा कुठे म्हणाले, "सर, वॉज इट व्हेरी कोल्ड?"

म्हातारेबुवा हसले. मग सावकाश बोलायला लागले. मला जेवढं समजलं ते असं, की डोंगरात भयंकर थंडी, चिखल नि बर्फ. तुमचे लोक खेचरं घेऊन जाताना लांबून बघितले, ओळख कुणाशीच नाही. आम्ही दोघादोघांत एक ब्लँकेट घेत होतो. एकटा झोपला तो गारठला, म्हणून कुणाला एकटं झोपू देत नव्हतो. तुमच्याकडेही तसंच असणार.

काकांनी मान हलवली. वहीतलं काहीच विचारलं नाही.

परतताना काका कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत आले. तिथे थांबून म्हणाले, "आमची आई थंडीत पांघरूण घेत नसे, वहिनी. मरेपर्यंत. म्हणायची, त्यांना तिकडं मिळत असंल का नसंल, मी कशी घेऊ? मी रात्री हळूच घालायचो, ती काढून टाकायची."

त्यांनी रियाची वही काखेत धरली.

"आज असती तर सांगितलं असतं, घे गं आता. दोघांत एक होतं त्यांना."

रस्ता ओलांडायचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. आम्ही दोघं तिथेच उभे होतो.